मदत हवी आहे: मैदानाखालच्या पाण्याच्या टाकीला हरकत घ्यायची, पण कुठल्या मुद्द्यावर?

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या पूर्व उपनगरात, टेकडीच्या पायथ्याशी आमच्या ९ सोसायट्यांचा मिळून रहिवासी संघ आहे. मी त्याचा चिटणीस, म्हणजे पत्रं लिहिणारा आणि शिव्या खाणारा. मैदानाच्या कोपऱ्यात जमिनीखाली २ लाख लिटरची सक्शन टाकी (जिच्यातून पंप पाणी ओढतो ती) आणि बाजूला पंपघर बांधायचा प्रस्ताव आलाय. तिथून टेकडीवरच्या चाळींना पाणी चढवणार. परवाच्या सभेत ‘तीव्र विरोध’ असा ठराव झाला आणि हरकतीचं पत्र मी रविवारपर्यंत लिहायचंय.

अडचण अशी की ठरावातले निम्मे मुद्दे मलाच पटत नाहीत. माझं लहानपण त्याच टेकडीवर गेलंय. पहाटे साडेचारला हंडे घेऊन खाली उतरायचो आणि याच इमारतींचे वॉचमन हाकलायचे. सभेत हे बोललो नाही. तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून उतारानं शहरात येतंय, पण आमच्या टेकडीचे शेवटचे सत्तर-ऐंशी फूट पंपाशिवाय चढत नाही, हे साधं आहे.

‘पाणी दिलं की झोपड्या वाढतील’ हा मुद्दा मी लिहिणार नाही. कोणाला लिहायचा असेल तर त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहावा.

एका काकांचं म्हणणं, मलबार हिलच्या लोकांनी थांबवलं, आपणही थांबवू. पण तिथे हँगिंग गार्डनखाली एकोणिसाव्या शतकातला जलाशय होता. तो पाडून नवा बांधायचा की डागडुजी करायची, हा वाद होता. झाडं जाणार म्हणून लोक उठले, मग समिती बसली, तिच्यात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक होते. आमच्याकडे मुळात टाकीच नाही. ‘पाडू नका, दुरुस्त करा’ म्हणायचं कशाला?

झाडांचा मुद्दा खरा आहे. कोपऱ्यात दोन मोठे रेन ट्री आणि एक पिंपळ आहे.

आणि खरी भीती दाबाची. आमच्या गल्लीत सहा इंची लाईन, पाणी दिवसाला दोन तास. टाकी याच लाईनवरून त्याच दोन तासांत भरली तर २ लाख लिटर भागिले ७,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. सहा इंचीत एवढं पाणी एकट्या टाकीकडे सेकंदाला दीड मीटरहून जास्त वेगानं धावणार. मग आमच्या टाक्यांत काय पडणार? तेच आठ तासांत भरलं तर ७ लिटर. पण बाकीच्या वेळी लाईन कोरडीच असते! नकाशात टाकीचं कनेक्शन कुठून घेतलंय तेच दाखवलेलं नाही.

तर प्रश्न:
१) माझं गणित बरोबर आहे का?
२) ‘टाकी नको’ऐवजी ‘टाकी हवी, पण आमच्या लाईनवरून नको’ अशी हरकत चालते का? का ती मागणी ठरते आणि बाजूला ठेवली जाते?
३) झाडांसाठी वेगळा अर्ज लागतो का?

सभेनं ‘विरोध’ म्हटलंय आणि मी ‘सूचना’ लिहिली तर माझं काय होईल, हा चौथा प्रश्न. त्याचं उत्तर मला माहीत आहे.

---

प्रतिसाद – नळदमयंती

गणित ठीक आहे. मीही मुलुंडला असल्याच भांडणातून गेलेय. पत्रात फक्त तीन गोष्टी मागा: कनेक्शन कुठल्या मेनवरून (म्हणजे मुख्य जलवाहिनीवरून), टाकी भरायची वेळ, आणि इनलेटला प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह आहे का. मोठ्या मेनवरून वेगळी लाईन आली तर तुमच्या दाबाचा प्रश्न बराचसा सुटतो. सूचना म्हणून लिहिलेलंही आवक क्रमांक घेऊन द्या, पोच जपून ठेवा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांत अर्ज होतो, पण उत्तराला ३० दिवस. तुम्हाला रविवार गाठायचाय, म्हणून आधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन फाईल बघायला मागा.

झाडांचं वेगळं. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याकडे स्वतंत्र हरकत द्यायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, तेव्हा पिंपळाचं वय जुन्या रहिवाशांना विचारा. मैदानाचे जुने फोटो कोणाकडे असतील तर सोन्याहून पिवळं.

एक आगाऊ प्रश्न: तुमच्या ९ सोसायट्यांपैकी किती जणांनी पाणी ओढायला लाईनला चोरून थेट मोटर जोडलीय?

---

धागाकर्ता

ताई, आभार. फाईल बघायला उद्या जातो. पिंपळाखाली १९७१ सालचा लग्नाचा फोटो सापडलाय, नवरा-नवरी बाजूला आणि झाडच मोठं.

मोटरचं काल रात्री फिरून पाहिलं. तीन सोसायट्यांत आहे. एक आमच्या अध्यक्षांची. आता दाबाचा मुद्दा पत्रात टाकला आणि पालिकेचा माणूस दाब मोजायलाच आला, तर?