फॉलआउट 76 : पहिल्या दहा तासांवरून मत बनवू नका (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

वेशीबाहेर

फॉलआउट 76 हा अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतला ऑनलाइन व्हिडिओ गेम. त्याच्या कथेत 2077 साली अणुबॉम्ब पडले, 2102 साली व्हॉल्ट 76 या भूमिगत आश्रयस्थानाचं दार उघडतं आणि खेळाडू वेस्ट व्हर्जिनियाच्या जंगलात बाहेर येतो. पुढचे दहा-बारा तास बहुतेकांना आवडतात. पानगळीचे रंग, ओस पडलेली गावं, दिसेल ते उचलायची मोकळीक. मग लेव्हल 15 ते 20 च्या सुमाराला स्टॅश, म्हणजे सामान साठवायची पेटी, भरतो, अंगावरचं वजन मर्यादेपलीकडे जातं, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून एका क्षणात दुसरीकडे जाणं) बंद पडतो, दहा पावलं पळालं की ॲक्शन पॉइंट, म्हणजे दम, संपतात. इथेच बरेच जण खेळ सोडतात आणि "कंटाळवाणा आहे" असं लिहून मोकळे होतात. माझ्या मते खेळ चांगला आहे, त्याची शिकवणी वाईट आहे. या खेळातला सगळ्यात मोठा शत्रू वजन आहे आणि सुरुवातीला ते कुणी धड सांगत नाही.

हिशोब साधा आहे. उचलण्याची क्षमता 150 अधिक ताकदीच्या प्रत्येक गुणाला 5. ताकद 1 असताना 155, कमाल 15 केली तर 225. म्हणजे चौदा गुण खर्चून मिळाले फक्त 70. लेव्हल 50 पर्यंत सात गुणधर्मांत वाटायला एकूण 49 गुण मिळतात, त्यातले चौदा केवळ ओझ्यासाठी घालणं परवडत नाही. खरी बचत ठरावीक वस्तूंचं वजन कमी करणाऱ्या पर्क कार्डांत आहे. जंकसाठी (सापडलेल्या भंगारासाठी) पॅक रॅट, औषधं आणि स्टिमपॅकसाठी ट्रॅव्हलिंग फार्मसी (दोन्ही ताकदीत), खाण्यापिण्यासाठी थ्रू-हायकर (चपळाईत). कुठली कार्डं आधी घ्यायची ते आपण काय साठवतो यावर ठरतं, म्हणून एकदा पिप-बॉयमध्ये (मनगटावरच्या संगणकात) प्रत्येक विभागाचं वजन बघा. बहुतेकांचा अंदाज चुकतो. वाटतं बंदुका जड आहेत, आणि निघतं भलतंच.

सवय अशी लावायची: वाटेत वर्कबेंच (वस्तू बनवायचं टेबल) दिसला की सगळं जंक स्क्रॅप करा, म्हणजे मोडून कच्चा माल काढा, नको असलेल्या बंदुकाही तिथेच मोडा. बंदूक मोडली की त्याच जातीच्या बंदुकीचे मॉड (सुधारणा) शिकायला मिळतात, त्यामुळे पहिल्या वीस लेव्हल विकण्यापेक्षा मोडणं फायद्याचं. मग लगेच स्टॅश गाठा. मेल्यावर अंगावरचं जंक तिथेच पिशवीत पडतं आणि ते कुणीही उचलू शकतं. स्क्रॅप केलेला मालही जंकच, तोही पडतो. ही गोष्ट अनेकांना पहिल्या मोठ्या नुकसानीनंतर कळते. स्टॅशची पेटी ओव्हरसियरच्या (व्हॉल्टच्या प्रमुख बाईच्या) कॅम्पवर आहे, रेल्वे स्टेशनांवर आहे, स्वतःच्या कॅम्पवर तर असतेच.

एवढं जमलं की खेळ मोकळा होतो. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासह लिहा.

गंजलेलं कुलूप

हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. शिकवणी सुधारली म्हणून अडचण जाणार नाही, कारण ती चुकून राहिलेली नाही.

स्टॅशचा इतिहास बघा. नोव्हेंबर 2018 मध्ये खेळ आला तेव्हा मर्यादा 400 होती. डिसेंबरमध्ये 600, 2019 मध्ये 800, 2020 मध्ये 1200. सुरुवातीला कारण सर्व्हरच्या स्थिरतेचं दिलं गेलं आणि तेव्हा ते पटण्यासारखंही होतं. पण ऑक्टोबर 2019 मध्ये फॉलआउट फर्स्ट हे सबस्क्रिप्शन आलं, महिन्याला 12.99 डॉलर, आणि त्यात स्क्रॅपबॉक्स आला. स्क्रॅप केलेला माल कितीही भरा, मर्यादा नाही. पुढे गोळ्यांची तशीच पेटी आली. पैसे भरणाऱ्याचा माल सर्व्हर पेलतो आणि न भरणाऱ्याचा पेलत नाही, हे तांत्रिक कारण होऊ शकत नाही.

म्हणून लेव्हल 15 ला जो नवखा वैतागतो त्याचं पहिलं मत अगदी खरं आहे. त्याला जी भिंत लागली ती मुद्दाम बांधलेली आहे आणि तिला पैशाचं दार आहे. त्याला "तुला खेळता येत नाही" असं सांगणं अन्यायाचं आहे.

वेशीबाहेर

स्क्रॅपबॉक्सबद्दल वाद नाही, तो सबस्क्रिप्शनमागे ठेवायला नको होता. पण 1200 मध्ये भागत नाही हे मला मान्य नाही. भागत नाही कारण लोक पोलाद आणि लाकूड शेकड्यांनी जमवतात. पोलाद कुठल्याही भंगार बंदुकीतून निघतं. ते 200 वर थांबवा, लाकूड 100 वर. जास्तीच्या पोलादाच्या गोळ्या बनवा: पोलाद, शिसं, गनपावडर. गनपावडर ॲसिड आणि कापडातून रसायनाच्या टेबलावर होते. सुटा माल विक्रेते घेत नाहीत, त्याचा बल्क (गठ्ठा) बांधावा लागतो आणि त्याला प्लास्टिक लागतं, म्हणून प्लास्टिक फेकू नका.

कोरडा झरा

तुम्ही दोघेही गोदामाबद्दल भांडताय. जग बुडाल्यानंतरचा खेळ म्हणून पहिली छाप काय पडते, ते कुणीच बोललं नाही.

पहिली छाप अशी पडते की इथे जगायला काही कष्टच नाहीत. 2018 मध्ये भूक आणि तहान लागली की नुकसान होत होतं. फ्लॅटवुड्स गावातल्या सुरुवातीच्या क्वेस्टमध्ये (कामगिरीत) पाणी उकळायला आणि मांस शिजवायला शिकवतात, त्याला तेव्हा अर्थ होता. घाणेरडं पाणी जमवायचं, लाकूड शोधायचं, उकळायचं, नाहीतर किरणोत्सर्ग अंगात भिनायचा. 2020 च्या शेवटी हा दंड काढून टाकला. आता पोट भरलेलं असलं तर फायदा, रिकामं असलं तर काही नाही. शिकवणी तशीच राहिली, तिचं कारण गेलं. नवखा मन लावून पाणी उकळतो आणि तासाभराने त्याच्या लक्षात येतं की न उकळताही चाललं असतं. इथे त्याचा जगावरचा विश्वास उडतो. वजनाचा वैताग नंतरचा.

तिसरा सायलो

कोरडा झरा, भुकेचा दंड गेला ते मला आवडलं, आणि कारण सोपेपणा हे नाही. तो दंड म्हणजे दर वीस मिनिटांनी मेनू उघडून काहीतरी खाणं एवढंच होतं. त्यात निर्णय नव्हता. टंचाई अजून आहे, ती ताटातून वर्कबेंचवर सरकली आहे.

नवख्याला पहिल्या आठवड्यात कमी पडतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत: स्क्रू, स्प्रिंग, ॲडहेसिव्ह, ॲल्युमिनियम. चिलखत दुरुस्त करायला, बंदुकीला मॉड लावायला यांच्याशिवाय गत नाही. स्क्रू टेबलफॅन, टाइपरायटर आणि खेळण्यातल्या मोटारींत. स्प्रिंग क्लिपबोर्ड आणि गजराच्या घड्याळांत. ॲल्युमिनियम डब्यांत आणि ट्रेमध्ये. ॲडहेसिव्ह डक्ट टेप आणि वंडरग्लूमध्ये, पण शोधत फिरण्यापेक्षा मका, टॅटो आणि मटफ्रूट ही पिकं कॅम्पवर लावा आणि व्हेजिटेबल स्टार्च शिजवा, तो स्क्रॅप केला की ॲडहेसिव्ह मिळतो. शिसं व्यायामशाळेतल्या डंबेलांत. वर्कबेंचवर हवा तो घटक शोधासाठी टॅग करता येतो, मग तो ज्या वस्तूत आहे तिच्या नावापुढे भिंगाची खूण येते. हे एक बटण कळलं की शाळा, कचेरी, इस्पितळ या इमारती वेगळ्या दिसू लागतात. कचेरीत शिरताना मनात टाइपरायटर असतो. बुडालेल्या जगात माणूस असाच विचार करेल, आणि खेळाने हे न बोलता साधलंय. मला या खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

याच कारणासाठी वेशीबाहेर यांच्या "दिसेल ते उचला, मग स्क्रॅप करा" याला माझा विरोध आहे. टॅग केलेलंच उचला. बाकीचं तिथेच राहू दे.

कोरडा झरा

टंचाई वर्कबेंचवर आहे हे मान्य केलं तरी ती टिकते किती? ओव्हरसियरच्या कॅम्पपाशी किंवा वेवर्ड या बारच्या दारात जुना खेळाडू भेटतो, हात हलवतो आणि पिशवी टाकून जातो. त्यात पन्नास स्टिमपॅक, शंभर शुद्ध पाणी, गोळ्या, आराखडे (वस्तू बनवायला शिकवणारे). प्रेमानेच देतात, आणि इतका सौजन्याने वागणारा खेळाडूवर्ग ऑनलाइन खेळांत दुर्मिळ आहे, हे मनापासून सांगतो. पण त्या एका पिशवीने स्क्रू-स्प्रिंगची सगळी धडपड पुसली जाते. शिवाय वजन! लेव्हल 3 चा खेळाडू ती पिशवी पूर्ण उचलतो आणि जागच्या जागी जड होतो. जास्त लेव्हलची बंदूक दिली तर ती चालवताही येत नाही, नुसती वाहायची.

तिसरा सायलो

पिशवीत हात घालताना "सगळं घ्या" हे बटण दाबू नये, इतकंच. 10 स्टिमपॅक, 5 रॅडअवे (किरणोत्सर्गावरचं औषध) आणि आपल्या बंदुकीला बसतात त्या गोळ्या घ्या. बाकी दुसऱ्या नवख्याला होईल. देणाऱ्यांनीही लेव्हल बघून द्यावं: नवख्याला आराखडे द्या, ते वाचले की वजनच राहत नाही.

ढोलीतलं घुबड

कथेबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. माझं मत वेगळंच आहे: पहिले दहा तास 2018 मध्ये जास्त चांगले होते.

तेव्हा बाहेर एकही जिवंत माणूस नव्हता. टेप, टर्मिनलवरच्या नोंदी, रोबो आणि स्कॉर्च्ड (रोगाने वेडे झालेले), बस. यावर खूप टीका झाली आणि 14 एप्रिल 2020 च्या वेस्टलँडर्स अपडेटने माणसं आणली. आता व्हॉल्टबाहेर पडताच लेसी आणि इसेला या दोघी भेटतात, पुढे वेवर्डमध्ये त्याची मालकीण डचेस. संवाद चांगले लिहिलेत, तक्रार त्याची नाही. पण जुनी कथा तशीच खाली ठेवून नवी तिच्यावर चढवली आहे. फ्लॅटवुड्सच्या चर्चमध्ये रिस्पॉन्डर्सच्या (बचावकार्य करणाऱ्या गटाच्या) टेप ऐकायच्या, सगळे कसे संपले ते कळतं, आणि बाहेर आलं तर वस्तीवाले हिंडताहेत. शोकाला जागाच उरत नाही. जुन्या क्वेस्टचा सगळा भार "आपण उशिरा आलो" या एका जाणिवेवर होता.

उपाय आहे. डचेसचं काम हाती घेऊन बाजूला ठेवा आणि आधी ओव्हरसियरच्या टेपच्या मागे जा: फ्लॅटवुड्स, मग मॉर्गनटाउनचा विमानतळ. रिस्पॉन्डर्सची गोष्ट एका दमात ऐकून झाली की मग माणसांकडे वळा. त्याच विमानतळावर छोट्या पाठपिशवीचा आराखडा मिळतो. ती बनवली की क्षमता वाढते, आणि पुढच्या लेव्हलला पुन्हा बनवली की आणखी. वजनवाल्यांची अर्धी भांडणं तिथेच मिटावीत.

गंजलेलं कुलूप

घुबड, मी 2018 च्या बाजूने बोलणार नाही. सर्व्हर तुटणं हा तेव्हा रोजचा भाग होता. शिवाय शत्रूंची लेव्हल त्या भागात आधी कोण शिरलं यावर ठरायची. व्हाइटस्प्रिंगमध्ये लेव्हल 100 चा खेळाडू फिरून गेला की मागून येणाऱ्या नवख्यासमोर लेव्हल 60 चे घूल (किरणोत्सर्गाने विकृत झालेली माणसं) उभे. 2020 च्या वन वेस्टलँड अपडेटने तोच शत्रू प्रत्येकाला त्याच्या लेव्हलप्रमाणे मोजायला सुरुवात केली. आज लेव्हल 8 चा आणि लेव्हल 400 चा एकाच इव्हेंटमध्ये लढू शकतात. पहिल्या दिवसासाठी याहून मोठी सुधारणा झालेली नाही.

मात्र एक गोष्ट उलटी केली आहे. नवं पात्र करताना थेट लेव्हल 20 पासून तयार बिल्ड (गुण आणि कार्डांची जुळणी) घेऊन निघायचा पर्याय दिला आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्याने तो अजिबात घेऊ नये. त्याला कार्डं मिळतात, पण ती का निवडली हे कळत नाही. बिल्ड बदलायचा तर लेव्हल 25 नंतर पंचकार्ड मशीनवर गुण पुन्हा वाटता येतात, म्हणजे सुरुवातीला चूक होण्याची भीती तशीही नाही.

वेशीबाहेर

लेव्हल 20 च्या पर्यायाबद्दल शंभर टक्के सहमत. टॅगच्या मुद्द्यावर तिसरा सायलो यांचं म्हणणं माझ्यापेक्षा नेमकं आहे, "दिसेल ते उचला" हे मी मागे घेतो.

कुलूप यांच्या भिंतीबद्दल मात्र अजून एक सांगतो. पैशाशिवायचंही दार आहे. ॲश हीप या भागात गॅरहान मायनिंगच्या मुख्यालयातून मायनर मिरॅकल्स हा क्वेस्ट सुरू होतो. त्यातून एक्स्कॅव्हेटर पॉवर आर्मर (यांत्रिक चिलखत) बनवायचा आराखडा मिळतो. पूर्ण संच अंगावर असला की क्षमता 100 ने वाढते, खनिजही जास्त निघतं. घालायला लेव्हल 25 लागते. अडतं ते ब्लॅक टायटॅनियमपाशी. त्यासाठी मोल मायनर (खाणीतले शत्रू) मारून त्यांचे सूट स्क्रॅप करा, ॲश हीपमध्ये ते भरपूर आहेत. तेव्हा लेव्हल 15 पासूनच हे सूट फेकायचे नाहीत.

गंजलेलं कुलूप

एक्स्कॅव्हेटरने अंगावरचे 100 वाढतात. स्टॅश 1200 चा 1200 च राहतो. शिवाय लेव्हल 15 ला वैतागलेल्याला लेव्हल 25 पर्यंत थांब, आणि तोवर जड सूटही साठव, हे सांगण्यात माझाच मुद्दा सिद्ध होतो.

तिसरा सायलो

सूट साठवायचे नसतात. मिळाले की स्क्रॅप करा, ब्लॅक टायटॅनियम तेवढं ठेवा. आणि मिळालेले स्क्रू वर्कशॉप (नकाशावरची ताब्यात घेता येणारी जागा) काबीज करून तिथे बांधकामात घालू नका. सर्व्हर सोडला किंवा तुटला की वर्कशॉप हातचं जातं. स्वतःचा कॅम्प मात्र पुढच्या वेळी असेल तसा मिळतो. तिथे पाणी शुद्ध करायचं यंत्र लावा, त्याला कुलूप घाला नाहीतर येणारे-जाणारे पाणी नेतील, आणि उरलेलं पाणी विक्रेत्याला विका. नवख्याला कॅप्स (खेळातलं चलन) मिळवायचा याहून भरवशाचा मार्ग नाही, आणि कोरडा झरा, उकळायच्या शिकवणीला आता उरलेला उपयोगही हाच.

कोरडा झरा

विकण्यासाठी पाणी आणि जगण्यासाठी पाणी यांत फरक आहे. मी दुसऱ्याबद्दल बोलत होतो. ज्यांना तसा अनुभव हवा आहे त्यांनी स्वतःवर नियम घालून बघावा: फक्त शिजवलेलं खायचं, उकळलेलंच प्यायचं, पिशव्या घ्यायच्या नाहीत. फॉरेस्ट हा सुरुवातीचा भाग तेवढ्यापुरता 2018 सारखा लागतो. टॉक्सिक व्हॅलीत गेलात की आणखी.