डिस्क 'लावायची', 'जोडायची' की 'चढवायची'?

सुरंगी: गावच्या वाचनालयातल्या संगणकावर लिनक्स बसवलं, पण विंडोजही तसंच ठेवलं. पुस्तकांची सूची, वर्गणीदारांच्या याद्या, सगळं तिथल्या डी ड्राइव्हवर आहे. दुपारी बसणाऱ्या मुलींसाठी भिंतीवर चिकटवायला पानभर सूचना मराठीत लिहितेय. मी लिहिलं: 'विंडोजचा विभाग आरोहित करावा. तो केवळ वाचनीय असल्यास त्यात लेखन होणार नाही.' आमच्या चिटणीसकाकांनी ते वाचलं आणि विचारलं, विंडोजचा विभाग म्हणजे कुठलं कपाट? आणि वाचनीय आहे तर चांगलंच की! काका थट्टा करत नव्हते. तर पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग), माउंट (तो भाग वापरायला खुला करणं) आणि रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरता) या तिघांना काय म्हणू? सोमवारी पान छापायचं आहे.

पोफळ: पार्टिशन म्हणजे वाटणी. आमच्याकडे भावाभावांत वाटणी झाली काय मधे गडगो पडता. ह्यात इतको विचार कसलो?

तिरफळ: वाटणी ही क्रिया झाली रे. वाटणीनंतर पदरात पडतो तो हिस्सा. सातबारावर सर्व्हे नंबरापुढे हिस्सा नंबर असतो, पुढे त्याचेही पोटहिस्से पडतात. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशनं चारच करता यायची. पाचवं हवं तर चारांतलं एक एक्स्टेंडेड करायचं आणि त्याच्या पोटात लॉजिकल पाडायची. तलाठ्याला दाखवलं असतं तर त्याने न शिकवता पोटहिस्सा म्हटलं असतं.

निवृत्त_मास्तर: 'हिस्सा' अरबी आहे. 'विभाग' हा चांगला, अर्थवाही शब्द असताना तो का टाकायचा? आरोहणही चुकलेलं नाही. माउंटच्या मुळाशी लॅटिनमधला डोंगर आहे, म्हणून चढणे, म्हणून आरोहण. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि तिथूनच त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. 'दिनांक', 'महापौर' हे शब्द आज कुणाला जड वाटतात? आधी वापरा, मग रुळतील.

पोफळ: मास्तर, त्याच रत्नागिरीत काजू, चावी, पगार आणि घमेलं हे चारही पोर्तुगीज शब्द रोज बोलतात. हापूससुद्धा अल्फान्सोचाच. त्याला शुद्ध नाव दिलंत तर पेटी कोण घेणार? आणि डोंगर चढायचा म्हटला की आम्हाला कुंभार्ली घाट आठवतो. वाचनालयातल्या पोरींना कशाला चढवता?

निवृत्त_मास्तर: रुळलेले परके शब्द हाकला असं मी कुठे म्हटलं? नवे घेताना उंबऱ्यावर विचारपूस करा, एवढंच.

गलबत: मी जहाजावर इलेक्ट्रिकलला होतो, आता घरी बसून लोकांचे संगणक नीट करतो. ताई, 'जोडा' मात्र लिहू नका. डिस्क तारेने आधीच जोडलेली असते, तरी माउंट झालेली नसते. माउंट म्हणजे त्या हिश्शातल्या फायलींचं झाड आपल्या झाडाच्या अमुक फोल्डरखाली दिसू दे, असं यंत्रणेला सांगणं. हा हुकूम युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स ज्या वळणावर बेतलं त्या जुन्या यंत्रणेच्या, १९७१च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही आहे. त्या काळी डिस्कचा पॅक उचलून यंत्रावर खरोखर चढवावा लागे. तेव्हा मास्तरांचं चढवणं इतिहासाला धरून आहे, पण आज कुणी काही उचलत नाही. 'बसवणे' इन्स्टॉलने आधीच पळवलंय. राहतो आपला 'लावणे'. होडी धक्क्याला लावली, तसा हिस्सा फोल्डरला लावला. काम झालं की सोडायचा. लावा आणि सोडा.

सुरंगी: 'लावा' मला आवडलं. पण एका मुलीला म्हणून दाखवलं तर ती म्हणाली, 'ताई, डिस्क लागली.' सगळ्या हसत सुटल्या.

तिरफळ: हसणारच. 'बोट लागली' म्हणजे उलट्या. मुंबईहून बोटीने गावी यायचे त्या काळात आमच्या मामी लिंबू हुंगत यायच्या, आणि बंदरात उतरल्यावर कुणी 'बोट लागली का?' विचारलं तर तो धक्क्याला लागण्याचा प्रश्न आहे की पोटाचा, हे विचारणाराचं तोंड बघून ठरवायच्या. पुढे एसटी आली, तीही लागायला लागली. बस लागण्याची सुरुवात बोटीपासूनच झाली असणार, असं माझं मत आहे.

निवृत्त_मास्तर: मताला पुरावा?

तिरफळ: मामी.

गलबत: उलटा हुकूम 'अनमाउंट' नाही, 'उमाउंट' आहे बरं का. मधला न गळालाय आणि पन्नास वर्षं तसाच चाललाय. शुद्धलेखनवाल्यांनी तिकडेही बघावं.

सुरंगी: हे सगळं ठीक, पण रीड-ओन्लीचं काय? तेच पान अडलंय. आणि आणखी एक: काल त्याच डी ड्राइव्हवर सूची साठवता आली, आज लिनक्स म्हणतं फक्त वाचा. मुलींनी काही बदललेलं नाही.

निवृत्त_मास्तर: रीड-ओन्ली: अलेख्य.

पोफळ: मास्तर!!

तिरफळ: 'नुसतं वाचता येईल, लिहिता येणार नाही.' शब्दाच्या जागी वाक्य आलं तर काही बिघडत नाही. संदर्भग्रंथांच्या कपाटावर 'येथेच बसून वाचावे' लिहितातच ना?

गलबत: ताई, आधी दुखणं सांगतो. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. स्वतःची अर्धी अवस्था फायलीत लिहून झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. तिथले हिस्से तोवर त्याच्याच ताब्यात असतात. अशा वेळी लिनक्सने मधे लिहिलं तर उठल्यावर विंडोजच्या हिशेबात आणि डिस्कवर मेळ राहत नाही. म्हणून एनटीएफएस-३जी, म्हणजे विंडोजचे हिस्से लिनक्समध्ये वापरू देणारा प्रोग्राम, तो हिस्सा नुसता वाचायला देतं. काल विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आला असाल, आज शट डाउन करून. रीस्टार्टमध्ये विंडोज पुरतं बंद होतं, शट डाउनमध्ये नाही. कायमचा उपाय म्हणजे विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

झोपेची ती फाइल लिनक्समधून उडवून देण्याचाही पर्याय आहे, पण विंडोजमध्ये न साठवलेलं काही असेल तर तेही जाईल. भिंतीवर तो लिहू नका. आणखी एक, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या ५.१५ आवृत्तीपासून, २०२१पासून, 'एनटीएफएस३' हा नवा ड्रायव्हर कर्नलच्या आतच आला. हिस्सा 'डर्टी' दिसला तर तो जबरदस्ती केल्याशिवाय लिहिण्यासाठी लावतच नाही. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स वरवरची डागडुजी करून पुढची तपासणी विंडोजवर सोडतं. खरी दुरुस्ती विंडोजमधल्या चेकडिस्कनेच करावी.

सुरंगी: रीस्टार्टच केलं होतं काल! खूण काढते. पण तो 'डर्टी' पडद्यावर येतोच. त्याला काय लिहू? घाणेरडा हिस्सा?

पोफळ: ओवळो.

तिरफळ: नको. ओवळं म्हटलं की शिवाशीव आली. आमच्या आळीत त्या शब्दापायी माणसांना पायरीखाली उभं राहावं लागलेलं आहे. डिस्कच्या निमित्तानेसुद्धा परत नको.

पोफळ: बरां, कबूल. मग खरकटो. पान उठलं, पण ताट घासलं नाही. काम अर्धं राहिलंय, तोवर त्यात दुसरं वाढू नये. डर्टीचा नेमका अर्थ हाच ना, गलबत?

गलबत: जवळपास. लिहायचं सुरू झालं, पण हिशेब मिटल्याची नोंद झाली नाही.

निवृत्त_मास्तर: मग खरकटं नव्हे, उष्टं. एकाने तोंड लावलेलं ते दुसऱ्याने घ्यायचं नाही.

तिरफळ: मास्तर, तोंड लावलं की उष्टं, शिजलेलं सांडलं की खरकटं. विंडोजने तोंड लावलेलं लिनक्सने घ्यावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप आहे! उष्टं धरलंत तर डी ड्राइव्ह जन्मभर उष्टाच.

निवृत्त_मास्तर: आमच्या आईच्या हिशेबी न सांडताही भात खरकटाच. भाताला हात लावला की हात धुऊनच लोणच्याची बरणी. लाह्या, पोहे चालायचे. शिजणं महत्त्वाचं, सांडणं नव्हे.

पोफळ: पोहे भिजवले तर?

निवृत्त_मास्तर: भिजवलेले चालतात. फोडणीचे नाहीत.

सुरंगी: मंडळी, रीड-ओन्ली...

तिरफळ: सकाळची पेज? ती तर शिजलेलीच, पण आमच्याकडे पेजेच्या हाताने लोणच्याची फोड सर्रास उचलायचे.

निवृत्त_मास्तर: तुमच्याकडे म्हणजे खाडीच्या अलीकडे की पलीकडे?