घाटात गाडी घातली की पोरांना अक्कल येते?

पाचगावची मास्तरीण
परवा इथं पोस्ट आली: 'कॉलेजात तर्क शिकवत बसण्यापेक्षा सोळाव्या वर्षी पोराला गाडी द्या, करूळ घाट उतरू द्या, आपोआप डोकं चालायला लागतंय.' खाली नुसता वाहवाचा पाऊस. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, मला गप्प बसवेना.

सोळाव्या वर्षी कायद्यानं फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. अल्पवयीन पोराला घाटात मोटरसायकल देऊन सोडलंत, तर मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमाखाली पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही ते वेगळंच.

कायदा बाजूला ठेवा. माझ्या वर्गातली निम्मी पोरं गाडीवर येतात. त्यांना विचारलं, वेग ४० वरून ८० केला तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला किती जास्त अंतर लागेल? सगळे म्हणतात, दुप्पट. लागतं चौपट. रोज ब्रेक दाबणाऱ्या पोरांना हे माहीत नाही. मग गाडीनं काय शिकवलं?

उद्यमनगरकर
मॅडम, गाडी चालवून नसेल कळत, पण खोलून कळतंय. माझ्या गॅरेजात दहावी नापास पोरगं कामाला होतं. एक यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आली, तापली की बंद पडायची. मालक म्हणाला कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, बदला. पोरानं आधी ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढला. पांढराफटक! म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पण हवा शिरते कुठनं? गाडी चालू ठेवून कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबरावर स्प्रे मारला, इंजिनचा आवाज बदलला. रबराला चीर होती. कार्बोरेटर चांगला होता. एकेक शक्यता बाद करत गेलं पोरगं. हे तुमच्या कुठल्या धड्यात आहे?

पाचगावची मास्तरीण
उत्तम उदाहरण, पण ते माझ्याच बाजूचं आहे. 'हवा कुठनं शिरते' हे विचारायला त्याच्या शेजारी तुम्ही उभे होता. घाटात त्या पोराला कोण विचारणार?

घाटवेडा
पोस्ट माझीच. घाट विचारतोय, मॅडम! डावीकडं वळायचं तर डावं हँडल पुढं ढकलायचं, हे सांगितलं तर एक पोरगं मान्य करत नाही. करून बघितलं की गप्प होतंय. वळणावर नजर कठड्यावर गेली की गाडी कठड्याकडंच जाते, हेही तिथंच कळतं. ऐकीव गोष्ट स्वतः तपासून बघायची, हाच तर विचार. आणि हो, माझ्याबरोबर येणारी सगळी पोरं हेल्मेट घालतात.

गंगावेशीतला
हेल्मेटचं कौतुक सांगू नका. गावात तीसच्या वर गाडी जात नाही, तिथं डोक्यावर ओझं कशाला? माणसं मरतात ती उसाच्या ट्रॉलीनं! एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, पुढं गाणी मोठ्यानं. माझा चुलतभाऊ गगनबावडा रोडला रात्री मागनं धडकला. पाय गेला. हेल्मेट होतं डोक्यावर. त्यावर बोला.

करवीरचा शेतकरी
भावा, तुझ्या भावाचं वाईट झालं, पण आलं सगळं आमच्यावर. तोडणी वेळेत आली नाही तर ऊस रानात वाळतोय, तेव्हा कोण येत नाही विचारायला. ट्रॉली माझी नाही, वाहतूकदाराची. हंगाम सुरू होताना रिफ्लेक्टर वाटतात, फोटो काढतात, आठ दिवसांत चिखलानं झाकतात.

गंगावेशीतला
मग पुसा की! फडकं मारायला किती वेळ लागतोय? अंधारात माणसं मारायचा परवाना दिलाय का कुणी?

करवीरचा शेतकरी
तोंड सांभाळून. माझं पोरगंबी त्याच रस्त्यानं कॉलेजला जातंय.

पाचगावची मास्तरीण
दोघंही जरा थांबा, हा प्रश्न मी उद्या वर्गात घालणार आहे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. रस्त्यात उभी ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात १७ मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी पुढं आणखी वीसेक मीटर. जुन्या गाडीच्या दिव्यात तीस मीटरवरचंच दिसत असेल, तर धडक ठरलेली. मग रात्री किती वेगानं जायचं? पोरांनी स्वतःच्या गाडीचा दिवा मोकळ्या मैदानात मोजून उत्तर काढायचं.

गंगावेशीतला
म्हणजे चूक माझ्या भावाची?

पाचगावची मास्तरीण
नाही. बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर आणणं हा गुन्हाच. पण ती सुधारेपर्यंत माझी पोरं जिवंत राहायला हवीत.

घाटवेडा
सोळाचं सोडा, अठरा धरा. बाकी एक अक्षर मागं घेत नाही. मैदान मी बघतो, पोरांना हेल्मेट घालून पाठवा.

करवीरचा शेतकरी
दिव्यासमोर ट्रॉली उभी करून मोजा, रिफ्लेक्टर पुसलेला आणि न पुसलेला, दोन्ही. ट्रॉली मी आणतो. वाहतूकदारालाबी घेऊन येतो, बघू दे त्याला.

गंगावेशीतला
त्याला नक्की आणा. मीबी येतोय.