मदत हवी आहे : 'लेमन' गाडीला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडकलोय. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांच्या 'द मार्केट फॉर लेमन्स' या १९७० सालच्या निबंधावर दिवाळी अंकासाठी सोपा लेख लिहितोय. (निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. २००१ मध्ये याच कामाला नोबेल!)

अमेरिकेत लेमन म्हणजे दिसायला झकास, पण मुळातच खोट असलेली गाडी. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नाही. म्हणून तो सगळ्याच गाड्या पाडून मागतो. मग चांगली गाडीवाला म्हणतो, एवढ्या कमी पैशांत कशाला विकू? उरतात लेमनच.

मी आधी सरळ 'लिंबू' लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात ते?" झालं! आपण लिंबू चिरडून गाडीची दृष्ट काढतो, तिकडे गाडीच लिंबू. शिवाय लिंबूटिंबू आहेच.

'खटारा' नको, तो लांबून ओळखू येतो. लेमन कोरी करकरीतही असते. तिथले 'लेमन लॉ' मुख्यतः नव्या गाड्यांसाठीच आहेत : पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही बिघाड जात नसेल तर कंपनीने गाडी बदलून द्यायची, नाहीतर पैसे परत.

सगळ्यात जवळचा वाटला तो हापूसमधला 'साका'. वरून केशरी, घमघमाट, आणि सुरी लावली की कोयीजवळ पांढरट, आंबूस गर. पण साका पेटी विकणाऱ्यालाही दिसत नाही. इथे तर त्याला माहीत असतं यावरच सगळा डोलारा आहे. काय करू? आणि लेमन फक्त गाडीलाच म्हणतात का?

प्रतिसाद १ : फ्रिज, फोन, घर, कशालाही चालतं. मात्र इंग्लंडमध्ये कुणी स्वतःलाच लेमन म्हणालं तर 'माझा पार बावळट झाला' असा अर्थ. शब्द लेमनच ठेवा, साक्याचा दाखला द्या. फक्त एक वाक्य जोडा : समजा, बागायतदाराला न कापताच साका दिसतो, गिऱ्हाइकाला नाही.

धागाकर्ता : अरे, हे बसलं की! शीर्षक 'साक्याचा बाजार' करतो. आज रात्री आईला पुन्हा वाचून दाखवतो, तिला कळलं तरच संपादकांकडे जाईल.