‘फ्रेश’च्या विरुद्ध फक्त ‘स्टेल’? इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घ्याव्यात का?

रानजाई
मुलगी पाचवीत आहे. परवाच्या चाचणीत एक इंग्रजी वाक्य होतं, त्याचा अर्थ ‘बेडूक गोड्या पाण्यात राहतात’. त्यातल्या ‘फ्रेश वॉटर’मधला ‘फ्रेश’ अधोरेखित केलेला आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द लिहायचा. तिने ‘सॉल्ट’ लिहिलं. त्यावर लाल फुली आणि शेजारी दुरुस्ती: ‘स्टेल’, म्हणजे शिळं.

वही उघडून पाहिली तर वीस जोड्यांची यादी. फ्रेश × स्टेल, मॉइस्ट × ड्राय, असं सगळं. तिने यादी सोडून वाक्य वाचलं, म्हणून मार्क गेला. बेडकाला पाणी आजचं की कालचं याने काय फरक पडतो? खारं पाणी मात्र बहुतेक बेडकांना सोसत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सुटे विरुद्धार्थी शब्द पाठ करून घेणं बंद करा.

खडूफळा
ताई, मी तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. तुमच्याशी सहमत नाही. माझ्या वर्गात ५२ मुलं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी इंग्रजीचं अक्षर नाही. त्यांना आधी धरायला काहीतरी लागतं. ‘फ्रेश’ म्हटलं की ‘स्टेल’ आठवलं, तर दोन शब्द कायमचे त्यांचे होतात. बारकावे आठवीत शिकवता येतील.

चूक यादीची नाही, वाक्य निवडणाऱ्याची आहे. वही घेऊन बाईंना भेटा. मुलीचा मार्क तिला मिळायलाच हवा.

भट्टीवाला
आमची तीन पिढ्यांची बेकरी आहे, म्हणून ‘स्टेल’वर बोलतो. पाव शिळा झाला की कडक होतो आणि बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं. आपण त्याला सादळलं म्हणतो, इंग्रजीत मात्र दोन्ही ‘स्टेल’च. म्हणजे एकीकडे ‘स्टेल’ ओलाव्याच्या विरुद्ध जातो आणि दुसरीकडे ओलाव्यामुळेच होतो.

यावरून ब्रिटनमध्ये कराचा खटलासुद्धा झाला, १९९१ साली. जाफा केक, म्हणजे चॉकलेट लावलेला एक छोटा खाऊ, हा केक की बिस्किट? चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर कर होता, केकवर नव्हता. शिळा झाल्यावर तो केकसारखा कडक होतो, हा मुद्दाही न्यायाधिकरणाने धरला आणि त्याला केक ठरवलं.

आणि पाव नुसता वाळून शिळा होतो हाही गैरसमज आहे. बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिलं की ओलावा बाहेर जाऊ दिला नाही तरी पाव शिळा होतो. त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. म्हणून कालचा पाव तव्यावर गरम केला की परत मऊ होतो. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो, पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर शिळा होतो.

खाडीकाठ
मला ‘मॉइस्ट × ड्राय’ ही जोडीच पटत नाही. ‘ड्राय’समोर ‘वेट’ हवा. मॉइस्ट म्हणजे ओलसर, मधली पायरी. केक मॉइस्ट असला तर छान. वेट झाला तर कोण खाईल?

पण आमच्या कोकणात एक गंमत आहे. ओले बोंबील म्हणजे ताजे बोंबील. ओले काजू, ओला नारळ, ओली हळद, सगळीकडे ‘ओला’ म्हणजे ताजा. समोर एकच शब्द, सुका. आई बाजारातून आली की आजी विचारायची, “ओले मिळाले की सुके?” ‘ताजे’ हा शब्द माशाला लावलेला मी लहानपणी ऐकलाच नाही.

शब्दवेडी
खाडीकाठ, हेच इंग्रजीतही होतं! चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरने एका कथेत बिअरसारख्या एलमध्ये जायफळ घालण्याचा उल्लेख केलाय, एल ‘मॉइस्ट’ असो की ‘स्टेल’. तिथे मॉइस्ट म्हणजे नवी, ताजी. त्याचं एक पात्र, बाथ गावची बाई, घालते ते जोडेही ‘मॉइस्ट आणि नवे’. आणि ‘स्टेल’ तेव्हा शिवी नव्हती. ठेवून निवळलेली, मुरलेली एल म्हणजे स्टेल. आज जो शब्द नाक मुरडून म्हणतात तो एकेकाळी लोणच्याच्या ‘मुरलेलं’सारखा होता.

आपला ‘शिळा’ही ‘शीतल’वरून आलाय, मूळ अर्थ थंड. श्रावणातल्या शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं थंड अन्न खातात, ते कुणी टाकाऊ मानत नाही.

खडूफळा
सगळं वाचायला आवडलं, खरंच. पण पाचवीच्या पोराला चॉसर काय कामाचा? आपणही ताजा × शिळा पाठ केलं होतं ना? त्याने कुणाचं मराठी बिघडलं?

रानजाई
सर, नाही बिघडलं, कारण बाकीचं घरात होतं. आजीने “ओले की सुके” विचारलं, आईने सादळलेला पापड परत भाजला. मराठीची यादी अपुरी होती तरी स्वयंपाकघराने ती भरून काढली. तुमच्या ५२ मुलांना इंग्रजीचं स्वयंपाकघर नाही, म्हणून तर शब्दाला त्याची वस्तू जोडून द्या. फ्रेश ब्रेड, स्टेल ब्रेड. फ्रेश वॉटर, सॉल्ट वॉटर. ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याला सुटी यादी चालेल, तुमच्या मुलांना नाही.

खडूफळा
हे मान्य करायला वेळ लागेल, पण मुद्दा लागला. अडचण एकच. वीस जोड्यांच्या साठ होतील. तास ३५ मिनिटांचा आहे. कोणत्या गाळू, तेही सांगा.

रानजाई
‘मॉइस्ट’ गाळा. पाचवीत ‘वेट’ पुरे. ‘फ्रेश’ मात्र ठेवा, तीन-चार वस्तूंसकट.

काल रात्री मुलीबरोबर बसून तेवढं एक पान केलं. ब्रेड, पाणी, मासे लिहून झाले आणि ‘फ्रेश एअर’ला मी अडले. तिने लगेच ‘स्टेल’ लिहिलं. तपासलं तर बरोबर, कोंदट हवेला इंग्रजीत तेच म्हणतात. तो शब्द तिला तुमच्यासारख्याच एका यादीने दिला होता, सर, हेही सांगते.