मदत हवी आहे: जादूच्या वस्तूंचं दुकान, उडते बूट आणि ग्रुपवरचं भांडण

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आल्यावर धागा काढतोय.

आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी पार्ल्यात एका मित्राकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. डीएम मी. (खेळ माहीत नसलेल्यांसाठी: डीएम गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, फासे टाकून निकाल लागतो. आटपाट नगराचीच गोष्ट, फक्त यातला राजा कुणाचं ऐकत नाही.)

मागच्या महिन्यात पात्रं पाचव्या लेव्हलला पोचली, ड्रॅगनच्या पिल्लाची गुहा लुटली आणि सगळ्यांत मिळून ६,२०० सोन्याची नाणी हाती आली. माझ्या जगात त्या पैशांचं करायचं काय, हे मी ठरवलंच नव्हतं. योद्ध्याने १,५०० मोजून प्लेट चिलखत घेतलं, त्याचं काम झालं. उरलेले "जादूच्या वस्तू कुठे मिळतात" म्हणून मागे लागले. मग मी घाईघाईत बंदरावर एक दुकान उघडलं. मालकीण म्हातारी, गल्ल्यावर पोपट. पोपट सगळ्यांना आवडला, बाकी सगळं फसलं.

साडेतीन तास त्या दुकानात गेले. एक जण दादर स्टेशनबाहेर मेथीची जुडी घेतल्यासारखा घासाघीस करत होता, दोघं मोबाईलमध्ये, एक जण सोफ्यावर चक्क झोपली. आमच्या चोराला हवे होते उडते बूट. मी ४,००० सांगितले. तो गप्प बसला. रात्री बारा चाळीसला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुस्तकाच्या पानाचा फोटो आला: हे बूट 'अनकॉमन' (वस्तूच्या दुर्मीळतेची एक खालची पायरी), अनकॉमनचा भाव १०१ ते ५००. खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह. मी लिहिलं, "मग पुस्तकालाच डीएम करा."

त्यानंतर चाळीसेक मेसेज झाले. कोणी आपलं म्हणणं मांडलं, कोणी नुसता अंगठा दाखवला, आणि जिला पहाटेची लोकल पकडायची असते तिने ग्रुपच सोडला. या रविवारी दोघांचं "जमणार नाही" आलंय.

तर, भाव कसा ठरवायचा? घासाघीस खेळात ठेवायची, पण दुपार तिच्यात जाऊ द्यायची नाही, हे जमतं का? आणि झालेलं निस्तरायचं कसं?

वीसचा फासा:
आधी एक गोष्ट. २०१४च्या डीएमच्या पुस्तकात जादूच्या वस्तू दुकानात मिळतातच असं गृहीत नाही. विकायच्या की नाही हे डीएमने ठरवायचं. एकही वस्तू दिली नाही तरी पाचव्या आवृत्तीचा हिशोब कोसळत नाही. त्यामुळे 'दुकान नाही' हेही चालणारं उत्तर होतं, पण आता उघडलंय.

भावाचं म्हणाल तर २०१४ची कोष्टकं म्हणजे नुसत्या कक्षा आहेत. रेअर म्हणजे ५०१ ते ५,०००. यात काय डोंबल ठरवणार? २०१७च्या 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुरवणी पुस्तकात अनकॉमनला सहा बाजूंच्या एका फाशावर पडेल ते गुणिले १००, रेअरला दहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज गुणिले १,०००. २०२४च्या पुस्तकात सरळ ठोक भाव आले: कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजंडरी २,००,०००. पिऊन संपणाऱ्या वस्तू निम्म्या दरात. मी हेच वापरतो, डोक्याला ताप नाही.

पण बुटांच्या बाबतीत तुमचा अंदाज बरोबर होता. चार तास उडवणारे बूट अनकॉमन आणि बचाव फक्त एकने वाढवणारं चिलखत रेअर, हे कुणालाही पटणार नाही. त्यामुळे बुटांना ४,००० लावणं गैर नाही. चूक एवढीच, की तुम्ही पुस्तकापासून हटलात हे त्याला पुस्तकातून कळलं, तुमच्याकडून नाही.

ठाकूरद्वार:
दुकान कुठलं आहे ते ठरवा, निम्मा घोळ तिथेच मिटेल. झवेरी बाजारात कोणी सोन्याच्या भावावर हुज्जत घालत नाही. भाव फळ्यावर लिहिलेला असतो, बोलणी होतात ती घडणावळीवर. चोर बाजारात फळा नसतो, पण तिथे तुम्हाला हवी ती वस्तू मिळेल याचीही खात्री नसते. तुमच्या म्हातारीने झवेऱ्यासारखा माल मांडला आणि चोर बाजारासारखा भाव सांगितला.

मी माझ्या खेळात फळा लावतो. बरं होण्याचं औषध ५० नाणी, ते तर खेळाडूंच्याच पुस्तकात आहे. बाकी सात-आठ वस्तू, त्यापलीकडे काही नाही. खेळाडूंची वस्तू विकत घेताना मोडीसारखा व्यवहार, घट धरून निम्मे पैसे. यादी शुक्रवारी ग्रुपवर टाकायची, खरेदी शनिवारपर्यंत सांगायची. रविवारी दुकानाला दहा मिनिटं, तीही पोपटासाठी.

जुनं ते सोनं:
हे सगळं २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत सोडवलेलं होतं. शस्त्राच्या बोनसचा वर्ग गुणिले २,०००. म्हणजे एकला २,०००, दोनला ८,०००, तीनला १८,०००. खेड्यात २०० नाण्यांवरची वस्तू मिळायची नाही, मोठ्या शहरात ४०,०००पर्यंत. पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांना गणित नको असतं, मग रडत बसतात.

वीसचा फासा:
@जुनं ते सोनं, माहिती उपयोगी आहे. शेवटचं वाक्य नसतं तर आणखी उपयोगी झाली असती. धागाकर्त्याने आवृत्ती सांगितली आहे.

@धागाकर्ता, घासाघिशीबद्दल राहिलंच. झॅनाथर्समध्ये खरेदी हे मोहिमांच्या मधल्या सुट्टीतलं काम आहे: एक आठवडा, कमीत कमी १०० नाणी खर्च आणि गोडबोलेपणाचा एकच फासा. ज्याला नाट्य हवं त्याने फासा टाकायच्या आधी दोन वाक्यं बोलावीत.

खिडकीतली सीट:
मी खेळाडू आहे, डीएम नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. त्याने रात्री सगळ्यांसमोर फोटो टाकणं चुकीचं होतं. तुम्ही पाच जणांसमोर टोमणा मारणं त्याहून चुकीचं. तो नियम विचारत होता (वाईट पद्धतीने), तुम्ही माणसाला उत्तर दिलंत.

आमच्या ग्रुपवर नियमांची चर्चा होतच नाही. शंका आली की डीएमला एकट्याला पाठवायची. खेळ चालू असताना डीएम म्हणेल ते त्या दिवसापुरतं चालतं, बदल पुढच्या वेळी. ग्रुपवर फक्त तारीख, वेळ आणि वडापाव कोण आणणार.

आणि मेसेज लिहून माफी मागू नका, त्यावरही चर्चा होईल. फोन करा. आधी ग्रुप सोडलेल्या मुलीला, तिचा तर काहीच संबंध नव्हता.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. @जुनं ते सोनं, खेड्यात किती आणि शहरात किती ही कल्पना उचलतोय. रडणं आमचं आम्ही बघतो. :)

काल फोन केले. मुलगी परत आली, अट एकच: रात्री अकरानंतर ग्रुप बंद. चोराशी बोलायला जास्त वेळ लागला. तो म्हणाला, "४,००० चालले असते रे, पण मी आठवडाभर ५०० धरून बसलो होतो." ते पुस्तक मीच त्याला वाचायला दिलं होतं, हे मी विसरलो होतो.

यादी आज टाकली, आठ वस्तू, २०२४चे भाव. बूट ४,०००, वेगळे लिहून, कारणासकट. त्याच्याकडे ९०० आहेत. आता तो म्हणतोय की म्हातारी उधारीवर देईल का. व्याज कोणी लावलंय का आपल्या खेळात? आणि हप्ता चुकला तर वसुलीला कोणाला पाठवता? पोपट सोडून सांगा, तो त्यांनी आधीच फितवलाय.