फ्रेजल वर्ब पाठ हायत, पण बोलताना एकही तोंडात येत नाई

नमस्कार मंडळी, मी वरुड तालुक्यातला, बीएस्सी झाली, आता नागपूरले कस्टमर सपोर्टच्या जॉबसाठी तयारी करून रायलो. लिहिता येते, ग्रामर ठीक हाय, पण बोललो की पुस्तक वाचल्यासारखं वाटते. क्लासवाले सर म्हणतेत फ्रेजल वर्ब (क्रियापदाले अप, ऑफ असा छोटा शब्द जोडून होणारा नवा अर्थ) अन इडियम (वाक्प्रचार) टाक, मंग नॅचरल वाटीन. झेरॉक्स देली, गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे सगळं एका रांगेत, वाचलं की समजते अन बोलाच्या वेळेस गायब. इंटरव्ह्यूत इडियम मारले तर इम्प्रेशन पडते का?

सपोर्टवाला_नागपूर:
भाऊ, पयले ती झेरॉक्स बाजूले ठेव. मी याच लाइनीत हाय, कॉलवर दिवसभर तेच ते लागते, लुक इनटू, गेट बॅक टू, होल्ड ऑन, सॉर्ट आउट. सुटे पाठ नको करू, अख्खं वाक्यच तोंडात बसव, "आय विल लुक इनटू इट अँड गेट बॅक टू यू", म्हंजे पाहून कळवतो. तिथं "आय विल इन्व्हेस्टिगेट" म्हटलं की कस्टमरले वाटते पोलीस केस झाली का काय 😄 अन "आय पास्ड आउट इन 2023" नको म्हणू, आपल्याकडे चालून जाते, पण अमेरिकेतला माणूस समजते की तू चक्कर येऊन पडला. ग्रॅज्युएटेड म्हण.

इंग्रजीच्या_बाई:
वरच्या दादांचं बरोबर आहे. आपण "खाऊन टाक", "बोलून बसला" म्हणतो, त्यात टाकणं नसतं की बसणं नसतं, पण कोणी यादी पाठ केली होती का? तसंच हेही घरच्या-शेतातल्या कामांना लावून बोला. डिझेल संपलं, वी रॅन आउट ऑफ डिझेल. फवारणीचा पंप बिघडला, द पंप ब्रोक डाउन. पावसामुळे फवारणी पुढे ढकलली, वी पुट ऑफ द स्प्रेइंग. इथे मुलं हमखास अडकतात: "पुट द स्प्रेइंग ऑफ" पण चालतं, मात्र स्प्रेइंगच्या जागी इट आलं की ते मधेच जातं, "पुट इट ऑफ", "पुट ऑफ इट" नाही. लुक आफ्टरचं उलटं, तिथे इट शेवटीच. आणि बोलताना जोर अपवर, ऑफवर द्या, गिव्ह अप, नाहीतर सगळं बरोबर असूनही सपाट वाटतं. कोप अप विथ तर आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, त्यातला अप काढून टाका.

कपाशीवाला:
इडियमच्या भानगडीत नको पडू बाप्पा. कॅट्स अँड डॉग्सवाला पाऊस आपण सगळ्यायनं शाळेत पाठ केला, तिकडचे लोकं आता क्वचितच म्हणतेत, साधं इट्स पोअरिंग म्हणतेत. लग्नात एखादा मामा दर वाक्याले म्हण फेकते ना, इंटरव्ह्यूत तसं दिसते. समजले मात्र पाह्यजे, कस्टमर म्हणाला "इट कॉस्ट मी ॲन आर्म अँड अ लेग" तर हातपाय तुटले समजून दवाखान्याचं विचारू नको, वस्तू महाग पडली म्हणून चिडून रायला तो.

प्रश्नवाला:
धन्यवाद सगळ्यायले. पुट ऑफ अन कॉल ऑफ एकच का?

सपोर्टवाला_नागपूर:
नाई ना. इंटरव्ह्यू पुट ऑफ झाला तर पुढची तारीख भेटते, कॉल ऑफ झाला तर दुसरी कंपनी पाहा.